डाव्या चपला एकीकडे, उजव्या एकीकडे

अगं,

तुझ्या तीन मेलना मिळून हे एकच उत्तर. तिन्हींत तू एकच विचारलंयस, "जिवंत आहेस ना?" आहे. गुडघाही बरा आहे. पाऊस मात्र थांबायचं नाव घेत नाही. वाचनालयाच्या माळ्यावर तीन बादल्या मांडल्यात आणि तिघींचे सूर वेगवेगळे लागतात. पण उत्तराला दीड महिना लागला त्याचं कारण यातलं काहीच नाही. कारण आहे एक्सएमएल. हसू नकोस. निवृत्तीला अडीच वर्षं उरली असताना मी स्कीमा लिहायला शिकतेय, आणि याला जबाबदार आहे तुझी आजी.

तुझ्या दादाने वाडा रिकामा करताना ती हिरवी ट्रंक रिक्षात घालून आमच्याकडे पाठवली, हे तुला ठाऊकच आहे. उघडली तेव्हा आधी डांबरगोळ्यांचा वास आणि मग मासिकांचे, दिवाळी अंकांचे गठ्ठे, सुतळीने बांधलेले. कडा कसरीने खाल्ल्यात, मजकूर शाबूत आहे. (नाही, 'मनोरंजन'चा १९०९ चा पहिला दिवाळी अंक निघाला नाही. मी तळापर्यंत शोधला. आशा सोड.) कार्यकारिणीने ठरवलं, सगळं स्कॅन करायचं. स्कॅन करणं काही अवघड नाही गं, आमचे शिपाईमामासुद्धा मजेत करतात. पण स्कॅन केलेलं पुन्हा सापडायचं कसं? त्याला नोंद हवी. नोंद म्हटल्यावर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी काय केलं असेल? एक्सेल उघडलं. वर मथळे टाकले: शीर्षक, लेखक १, लेखक २, लेखक ३. तीनच का, ते तुला सांगायला नको. बी.लिब.ला आपल्याला घोटवून घोटवून शिकवलं होतं, तीनपर्यंत लेखक असतील तर सगळ्यांची नावं, तिघांच्या वर गेले की पहिल्याचं नाव आणि पुढे 'आणि इतर'. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरच्या कॅटलॉग-कार्डावर जागा तरी किती असणार? आणि तू प्रॅक्टिकलच्या परीक्षेत सहाच्या सहा लेखक बारीक अक्षरात कोंबले होतेस, "बिचारे इतर कुठे जातील" म्हणून! दोन मार्क गेले होते तुझे. तुला सांगते, तुझं तेव्हा बरोबर होतं. मी तीस वर्षांनी कबूल करतेय, जपून ठेव हा कागद.

कारण दिवाळी अंक म्हणजे सगळे 'इतर'च. एका अंकात कथाकार, कवी, व्यंगचित्रकार, मुखपृष्ठ करणारा, पाककृती पाठवणाऱ्या बायका, राशिभविष्यवाले शास्त्रीबुवा. माझे रकाने 'लेखक ३८' पर्यंत गेले. एखाद्या विशेषांकाला दोनच लेखक, की छत्तीस रकाने रिकामे. ते पाहून मी शहाणपणा केला, सगळी नावं एकाच रकान्यात लिहायची आणि मध्ये स्वल्पविराम. संध्याकाळी यादी पाडली तर एक लेखक निघाला 'देशपांडे' आणि दुसरा 'पु. ल.'! आपण आडनाव आधी लिहून स्वल्पविराम देतो ना, त्या स्वल्पविरामाने पुलंचे दोन तुकडे केले. त्यांना आवडलं असतं म्हणा.

मग आला चिरंजीव. त्याचं खरं नाव सांगत नाही, तो लाजतो. सेक्रेटरींचा भाचा, संगणकाचा इंजिनिअर, शनिवार-रविवार फुकट येतो आणि फक्त कांदेपोहे मागतो. त्याने माझं एक्सेल बघितलं, काही बोलला नाही, नुसता चष्मा पुसला. मग म्हणाला, "काकू, ज्या गोष्टी एकापेक्षा जास्त असू शकतात, त्यांना आकडे लावायचे नाहीत. तीच खूण परत परत वापरायची."

तुला सोपं करून सांगते. एक्सएमएल म्हणजे प्रत्येक गोष्टीला आधी आणि नंतर खुणेचं लेबल लावलेली साधी मजकुराची फाइल. १९९८ सालची पद्धत आहे, म्हणजे तुझ्या लेकीपेक्षा वयाने मोठी. आणि स्कीमा म्हणजे त्या फाइलीचा कायदा, कोणतं लेबल कुठे यावं, किती वेळा यावं. त्या कायद्यात 'मॅक्सऑकर्स' नावाची एक जागा आहे, जास्तीत जास्त किती वेळा. तिथे 'अनबाउंडेड' लिहिलं की कितीही. तिथे काहीच लिहिलं नाही तर मात्र स्कीमा समजतो, एकदाच. आणि ते एकदाही सक्तीने. आमच्या सासूबाईंचा पोळी वाढायचा नियम याच्या बरोब्बर उलटा होता, काही बोललं नाही की अनबाउंडेड.

शिवाय लेबल मराठीत चालतं! चिरंजीव इंग्रजीसाठी अडून बसला होता, पण नियमच सांगतो की खुणेचं नाव देवनागरीत असलं तरी फाइल बरोबरच. मी म्हटलं, घरात मराठी, बाहेर जाताना शर्टपँट. परगावच्या ग्रंथालयांना द्यायची वेळ येईल तेव्हा भाषांतर करणारा तक्ता जोडू.

तर मी मोठ्या उत्साहाने पहिली नोंद लिहिली. एका रशियन कथेचा अनुवाद होता, सोबत चित्र. लेखक, लेखक, लेखक अशा तीन ओळी, त्यांच्याखाली भूमिका, भूमिका, भूमिका अशा तीन. पहिल्या नावाला पहिली भूमिका, दुसऱ्याला दुसरी. शाळेतल्या जोड्या लावा. दिवसभरात साठ नोंदी झाल्या, मी खूश. दुसऱ्या दिवशी चाचणी म्हणून 'अनुवाद कोणी केले' अशी यादी काढली तर पहिलं नाव चेखवचं! अगं, एका ठिकाणी एक भूमिका लिहायची राहिली होती, त्यामुळे खालच्या सगळ्या भूमिका एकेक घर वर सरकल्या. चेखवसाहेब मराठीत अनुवाद करायला लागले आणि अनुवाद करणाऱ्या बाईंच्या माथी चित्रं आली.

मी हसत बसले आणि मला एकदम तुझं लग्न आठवलं. कार्यालयाबाहेर तुझ्या मामाच्या पोराने चपला 'नीट' लावल्या होत्या, डाव्या सगळ्या एका रांगेत, उजव्या सगळ्या समोरच्या रांगेत. दिसत होतं काय सुरेख! पंगत उठल्यावर दोनशे माणसं एका पायावर. माझी एक कोल्हापुरी त्या दिवशी गेली ती गेलीच, आणि तुझी मावशी दोन्ही डाव्या घालून नाशिकला पोचली. माझी नोंद तशीच होती गं. रांगा सुंदर, जोड्या गायब. नाव आणि भूमिका एकाच पिशवीत घालायला हवी होती आणि मग ती पिशवीच हवी तितक्या वेळा. आता कशी आहे बघ:

<सहभाग>
  <नाव>दीनानाथ दलाल</नाव>
  <भूमिका>संपादन</भूमिका>
  <भूमिका>मुखपृष्ठ</भूमिका>
</सहभाग>

'दीपावली'चे संपादकही दलालच आणि कुंचलाही त्यांचाच, हे तुला माहीत आहे. तर भूमिका पिशवीच्या आत दोनदा आली. पिशवी एकच, कारण माणूस एक. पुढच्या माणसाची पिशवी वेगळी. एवढंच. एवढ्यासाठी मी साठ नोंदी पुन्हा केल्या.

चिरंजीव शहाणा असला तरी त्याचीही एकदा फजिती झाली, ती सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही. त्याला फाइल आटोपशीर हवी होती. म्हणून त्याने नावं लेबलाच्या आतच, गुणधर्म म्हणून लिहायला घेतली. तर एका लेबलात एकाच नावाचा गुणधर्म दोनदा चालत नाही, फाइल जागच्या जागी नापास. मग म्हणाला, यादीचा एक प्रकार असतो, एकाच गुणधर्मात सगळी नावं बसतात. बसली! फक्त ती यादी शब्दांमधल्या रिकाम्या जागेवर तोडतात. वि. वा. शिरवाडकर आले आणि 'वि.', 'वा.' आणि 'शिरवाडकर' असे तीन लेखक झाले. माझे पुलं निदान दोनच होते. त्या दिवशी पोह्यांवर खोबरं मी जरा जास्तच घातलं.

बरं, आता तुझ्या गावाची गंमत. सगळीकडे वाचत होते 'डब्लिन कोअर', 'डब्लिन कोअर'. मी आपली समजत होते, आयर्लंड. जॉइस वगैरे. मग एके दिवशी कळलं की हे डब्लिन तुझ्या कोलंबसच्या शेजारचं, ओहायोतलं! ओसीएलसी या ग्रंथालयांच्या संस्थेचं मुख्यालय तिथे आहे, मार्च १९९५ मध्ये तिथे बैठक भरली होती आणि कुठलीही वस्तू नोंदवायला पुरतील असे मोजके घटक त्यांनी ठरवले. पुढे ते पंधरा झाले. म्हणजे तू दर शनिवारी जिथे कढीपत्ता शोधत फिरतेस, त्या बाजूला माझ्या धंद्याचं एक तीर्थक्षेत्र आहे आणि तू इतक्या वर्षांत अवाक्षर काढलं नाहीस. बी.लिब. फुकट गेलं तुझं.

त्या पंधरा घटकांचा स्वभाव मला आधी फार आवडला. पंधराही ऐच्छिक, पंधराही हवे तितक्या वेळा. ना सक्ती, ना मर्यादा. आपल्या कॅटलॉगच्या 'मार्क' नमुन्यात मानपानच फार, आठवतं? १०० क्रमांकाच्या खणात मुख्य लेखक, तो एकच. बाकीचे ७०० मध्ये, कितीही. एक नवरदेव आणि बाकी वऱ्हाड. दोघांनी बरोबरीने लिहिलेलं पुस्तक असलं तरी एकाला घोड्यावर बसवायचंच. डब्लिनवाल्यांनी घोडाच काढून टाकला. पण सैलपणाचीही किंमत असते. तारीख दोनदा आली, तर कोणती कशाची? अंक निघाल्याची की स्कॅन केल्याची? साध्या डब्लिन कोअरमध्ये पिशवीच नाही. परत चपला.

तारखांवरून आठवलं. आजीच्या एका पुस्तकावर नुसतं 'शके १८५५' आहे. आमच्या इथल्या नव्या मुलीने नोंदीत दोन तारखा लिहिल्या, १८५५ आणि १९३३, आणि यंत्राला वाटलं पुस्तक एकोणिसाव्या शतकात निघालं आणि पाऊणशे वर्षांनी पुन्हा आलं. दोन्ही तारखा खऱ्या आहेत, पण तारखा दोन नाहीत. तारीख एक, रूपं दोन. बरं, शक पुसून नुसतं इसवी सन ठेवावं तर तेही नको, कारण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. माघ शके १८५५ म्हणजे १९३४ उजाडलेलं असतं. म्हणून छापलंय ते जसंच्या तसं ठेवायचं आणि आपलं गणित त्याच्या शेजारी, 'हे आपलं गणित' असं सांगून.

आणि इथे मी अडकले गं. दीड महिना याच एका गोष्टीत गेला. एखादी गोष्ट नोंदीत परत परत येते ती दोन कारणांनी. एक, खरोखरच अनेक आहेत म्हणून. दुसरं, आहे एकच पण तिची रूपं अनेक म्हणून. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. ओळीखाली ओळ. स्कीमाने जर हा फरक धरला नाही, तर पुढे कुणालाच धरता येत नाही.

राम गणेश गडकरी बघ. नाटकाखाली गडकरी, कवितेखाली गोविंदाग्रज, विनोदाखाली बाळकराम. आमच्या यादीत पहिल्या दिवशी तीन लेखक झाले आणि चिरंजीव आकडा बघून आनंदला. गडकऱ्यांचं जाऊ दे, ते पुरुष, टोपणनाव त्यांनी हौसेने घेतलं. पण मला ज्या बाईंनी रात्री दोन वाजेपर्यंत जागवलं, त्या विभावरी शिरूरकर. 'कळ्यांचे निःश्वास', १९३३. आपण होस्टेलवर ती एक प्रत चौघींत वाचली होती, तिच्यावर तुझ्या चहाचा गोल डाग होता. पुस्तकावरून गदारोळ उठला तेव्हा लोकांना ही विभावरी कोण हेच कळेना. होत्या त्या बाळूताई खरे. लग्नानंतर मालतीबाई बेडेकर. आता सांग, तीन नावं, तीन लेखक? छे. मग एकच नाव ठरवून बाकीची पुसायची? कुठलं ठेवू? 'मालती बेडेकर' लिहिलं तर १९३३ च्या पानावर ज्या नावाने त्यांनी हिंमत केली तेच नाव खोटं पाडल्यासारखं होतं. 'विभावरी' ठेवलं तर बाळूताई गेल्या. 

उत्तर मला सापडलं आबांच्या सातबाऱ्यात. वारसनोंदीसाठी जुना उतारा काढला होता, तो टेबलावर पडला होता. जुन्या सातबाऱ्यावर माणूस गेला की त्याचं नाव खोडत नसत, नावाला कंस करत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक घालत. म्हणजे नाव आहेच. फक्त आता चालू नाही, आणि का नाही ते अमुक फेरफारात बघा. तलाठ्याच्या दप्तरात इतकी माया असेल असं वाटलं नव्हतं.

सकाळी चिरंजीवाला म्हटलं, माणसांची वही वेगळी काढ. वाण्याकडे खातेवही असते तशी. एका माणसाला एक पान, पानाला एक क्रमांक. त्या पानावर नावं कितीही, पण प्रत्येक नावाला प्रकार: माहेरचं, टोपण, लग्नानंतरचं. आणि अंकातल्या लेखाच्या नोंदीत काय? तिथे छापलेलं नाव जसंच्या तसं, आणि शेजारी खातेवहीतला क्रमांक. त्याने पुन्हा चष्मा पुसला. म्हणाला, "काकू, हे असंच करतात." असंच करतात तर मेल्या, आधी का नाही सांगितलंस! त्याला ही 'की' आणि 'की-रेफ' की काय म्हणतात, आणि स्कीमा स्वतःच तपासतो की खात्यात नसलेला क्रमांक कुणी नोंदीत घातला नाही ना. उधारी लिहिली पण गिऱ्हाइकाचं पानच नाही, असं होत नाही.

नाव माहीत नसलेल्यांचा एक छोटा वाद झाला. काही लेखांखाली सहीच नाही. काहींखाली 'एक भगिनी'. आणि काही पानं फाटलीत, सही होती की नव्हती देव जाणे. चिरंजीव म्हणाला तिन्ही रिकामी सोडू. मी म्हटलं, पाट मांडलाय पण पाहुणा आला नाही आणि पाटच मांडला नाही, यात फरक आहे की नाही? सही नसलेल्या लेखाला आम्ही 'सही नाही' असं स्पष्ट लिहितो. फाटलेल्याला 'पान फाटलेले'. भगिनीला खातेवहीत पान दिलंय, नुसत्या 'एक भगिनी' नावाचं. दुसऱ्या अंकातही 'एक भगिनी' आहे, तिला वेगळं पान, कारण ती हीच कशावरून? उद्या सिद्ध झालं तर दोन्ही पानं जोडता येतील. जोडलेल्या दोघींना वेगळं करणं फार कठीण जातं.

तू म्हणशील, ही बाई पत्र लिहितेय की अहवाल. थांब, आता कामाचं सांगते. म्हणजे माझ्या नाही, तुझ्या.

ट्रंकेतल्या अंकांवर आजीने नावं घातलीत. पूर्वी कुणाचा होता हा अंक, यालाही आम्ही नोंदीत एक पिशवी ठेवलीय. सगळ्यात जुन्या सातांवर 'कु.' आणि माहेरचं नाव, अक्षर गोल, शाळकरी, खाली एक फूलही काढलंय. पुढच्यांवर 'सौ.' आणि सासरचं नाव, तेही आजोबांच्या अक्षरात. मग बराच काळ काहीच नाही. आणि शेवटच्या गठ्ठ्यावर, निळ्या शाईत, नावच नाही, फक्त 'माझा आहे. कुणी नेऊ नये.' ते अक्षर तुझ्या आजीचं, तुला लोणच्याच्या बरण्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या आठवतात ना, तेच.

तिच्या नावाचं पान मी उघडलंय खातेवहीत. माहेरचं लिहिलं, लग्नानंतरचं लिहिलं. 'माझा आहे' हे नावांत धरू की नको यावर चिरंजीवाशी दोन दिवस वाद चाललाय. तो म्हणतो, हा शेरा आहे. मी म्हणते, बाईने सही म्हणून दुसरं काही केलंच नाही. पण मला मधल्या त्या कोऱ्या अंकांचं कळत नाहीये. एकदा तू म्हणाली होतीस की आजी चोरून वाचायची, कणकेच्या डब्यामागे अंक लपवायची, ते याच वर्षांतलं का? आणि तुम्ही तिला 'माई' म्हणायचात की 'जिजी'? मला दोन्ही आठवतंय. आम्हाला घरातली हाक लिहायलाही जागा आहे, कितीही वेळा.

फोटो काढून मेलने पाठवतेय, सगळ्या सह्यांचे. नीट बघ आणि लवकर लिही. दीड महिना लावू नकोस, तो हक्क फक्त माझा आहे.

तुझीच
मी

ता. क. चिरंजीवाने माझ्या मोबाइलमधले दुहेरी क्रमांक साफ करून दिले. तू त्यात पाच वेळा होतीस: माहेरच्या नावाने, सासरच्या नावाने, 'ओहायो', 'ओहायो नवीन' आणि 'होस्टेल रूम ११'. तो एकत्र करणार होता, मी हात धरला.